दोन गाद्यांचा कापूस

त्या वर्षी वाऱ्यानं नुसता उच्छाद मांडला होता. गादीवाल्याच्या कमाईचे महिने चार. पाऊस लागला की कापूस ओल धरतो, थंडीत अंगाखालची गादी कुणी सोडत नाही. तेव्हा वर्षाचं जे काय मिळवायचं ते उन्हाळ्यात. आणि नेमका उन्हाळ्यातच वारा असा सुटला की वाळत घातलेली चादर जागेवर राहीना, मग पिंजलेल्या कापसाची काय कथा. गादीवाली रोज सकाळी दारात उभी राहून कापसाचा एक पुंजका तळहातावर ठेवायची. पुंजका उडाला की आत येऊन नवऱ्याला सांगायची, "आज पण नाही."

"बरं," तो म्हणायचा आणि खोकायचा.

तीस वर्षं त्यानं कापूस पिंजला होता, म्हणजे तीस वर्षं थोडा थोडा गिळलाही होता. डॉक्टरनं छातीचा फोटो काढायला सांगितलं होतं. तो कागद घडी घालून फळीवर ठेवला होता आणि त्यावर बोटभर धूळ बसली होती. बोलायला तो तसाही कंजूष. दोघांच्या वाटचं बोलायचं काम बायकोकडे होतं आणि ती ते मन लावून करायची.

बाजाराच्या गावात दोन वर्षांपूर्वी पिंजायचं मशीन आलं. तासाला चार गाद्या आणि मजुरी निम्मी. यांचा धंदा तेव्हाच बसायचा, पण गादीवालीनं एक गोष्ट घट्ट धरून ठेवली. मशीनवर सगळ्यांचा कापूस एकाच तोंडातून जातो. ती दारोदार जाऊन बायकांना सांगायची, "ताई, तिथं टाकलीत तर तुमच्या अंगाखाली कुणाच्या आजारपणाचा कापूस येईल, सांगता येतं का? आमचं काम तुमच्या अंगणात, तुमच्या डोळ्यांसमोर. तुमचा कापूस तुमच्याच खोळीत." आजारपणाचा कापूस म्हटलं की बाजाराला निघालेल्या गाद्या दारातून माघारी फिरायच्या. घरातली चूल पेटत होती ती या एका वाक्यावर.

एके दिवशी सकाळी पुंजका तळहातावर टिकला. दोघांना हायसं वाटलं. त्याच दिवशी दोन गाद्या मिळाल्या. एक गिरणीवालीची. पिठाची गिरणी, पक्कं घर, गादीत लांब धाग्याचा भारी कापूस, तोही जेमतेम पाच वर्षांचा. दुसरी मास्तरीणबाईंची. मास्तरीणबाई एकट्या, शाळेतून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झालेल्या, डोळे अधू झालेले. त्यांच्या गादीतला कापूस त्यांच्या नोकरीपेक्षा जुना असावा. दाबला की तसाच दबून राहायचा, वर म्हणून यायचा नाही.

धनुष्यासारखं पिंजण खांद्याला लावून गादीवाला गिरणीवालीच्या अंगणात पोचतो न पोचतो, तोच वारा पुन्हा सुरू झाला. दोघींनाही रात्रीपर्यंत गाद्या हव्या होत्या. गादीवालीनं मनधरणी केली. गावाबाहेर जुनं गोदाम रिकामं पडलेलं होतं, तिथं नेऊ द्या, आजच्या दिवसापुरतं. गिरणीवाली कुरकुरली.

"माझ्या डोळ्याआड?"

"माझा शब्द आहे ना ताई. तुमचा कापूस तुमच्याच खोळीत."

या धंद्याचा एक नियम असतो. एक खोळ उसवायची, तिचा कापूस पिंजायचा, भरायचा, टाके घालायचे, आणि मगच दुसरीला हात लावायचा. तीस वर्षांत तो मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला, आणि तिनंच मोडला. वेळ वाचेल म्हणून तिनं दोन्ही खोळी एकदम उसवल्या. एक ढीग या कोपऱ्यात, दुसरा त्या कोपऱ्यात, मधे नवरा पिंजण लावून बसलेला. भर दुपारी गोदामाच्या दाराची कडी तुटली. वारा मोकाट वळूसारखा आत घुसला आणि दोन्ही ढीग उठले. बराच वेळ पांढऱ्याखेरीज काही दिसेना. नवऱ्याचा खोकला तेवढा ऐकू येत होता. सगळं खाली बसलं तेव्हा एकच ढीग होता, मागच्या भिंतीला टेकून.

"आता?" नवरा म्हणाला.

"आता काय. पिंजा."

"अगं, हिचा आणि तिचा..."

"दिसतंय मला. हातानं निवडत बसलो तर पावसाळा उजाडेल. पिंजला की सगळा सारखाच दिसतो. वजन करून अर्धा अर्धा भरू. कुणाचं काही कमी जात नाही."

त्यानं ठोकळा उचलला आणि पिंजणाच्या ताणलेल्या तातेवर मारला. एरवी काम करताना तो तिला मधेमधे पाणी मागायचा. त्या दिवशी मागितलं नाही.

निम्मा ढीग संपला असेल नसेल, तात बद्द वाजली. कापसात हात घातला तर पिशवी. निळ्या रेघांच्या कापडाची, हातभर दोऱ्यानं तोंड आवळलेली. गादीवालीनं दातानं गाठ सोडली. आत नोटा होत्या. दोनदा मोजल्या तेव्हा बावीस हजार भरले. एवढे पैसे तिनं आजवर एका जागी बघितले नव्हते.

"कुणाची गं?"

"ढीग एक झालाय. कसं सांगू कुणाची?"

"विचारू दोघींना."

"काय विचारणार? तुमची का, म्हणून? आधी गिरणीवाली विचारेल, माझ्या गादीतून निघाली की नाही ते तुला कळत नाही? मग काय सांगायचं? दोन्हींचा काला केला म्हणून?" ती पिशवीचं तोंड परत आवळत म्हणाली, "जिची असेल ती विचारत येईल. आली की देऊन टाकू."

"आली की द्यायची," नवरा म्हणाला. "आली की द्यायचीच."

"मग? आपण काय चोर आहोत?"

हे ती अगदी मनापासून म्हणाली होती. आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकल्यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही. संध्याकाळी दोन्ही गाद्या पोचल्या, मजुरी मिळाली. घरी येऊन तिनं पिशवी एका जुन्या उशीत खुपसली, उशी शिवली आणि भिंतीला टेकवून ठेवली. मग उगीच फळीवरचा डॉक्टरचा कागद काढला, फुंकर मारून त्यावरची धूळ उडवली आणि परत तिथंच ठेवला. नवऱ्यानं ते बघितलं आणि दुसरीकडे तोंड केलं.

तिसऱ्या दिवशी ती दळण घेऊन गिरणीवर गेली. गिरणीवाली गल्ल्यावर बसलेली, मोठी खुशीत.

"काय झोप लागते म्हणून सांगू. दोन दिवस मेल्यासारखी झोपले. शेवटी आपला कापूस तो आपला."

"तर काय," गादीवाली म्हणाली.

तेवढ्यात मास्तरीणबाई आल्या. चिमणीच्या खांद्यावर हात ठेवून त्या चालायच्या. चिमणी म्हणजे त्यांच्या घरी काम करणारी. अंगानं एवढीशी, म्हणून सगळं गाव तिला चिमणी म्हणायचं. खरं नाव तिच्या आईशिवाय कुणाला माहीत नसावं. अकरा वर्षं ती मास्तरीणबाईंचं पाणी, स्वयंपाक, अंघोळ, औषध सगळं बघत होती.

"कोण, गादीवाली ना?" मास्तरीणबाईंनी आवाजावरून ओळखलं. "बरं झालं भेटलीस. माझ्या गादीत काही सापडलं का गं? एक पिशवी होती. मी ती काढून पेटीत ठेवली असं माझ्या डोक्यात होतं, पण पेटीत नाही. म्हटलं गादीतच राहिली की काय."

'सापडली' म्हणायला गादीवालीनं तोंड उघडलंही होतं. पण समोर गिरणीवाली बसली होती, आणि तिचा पुढचा प्रश्न काय असणार हे गादीवालीला ठाऊक होतं. सापडली तेव्हाच का दिली नाहीस? तीन दिवस का ठेवलीस? कुणाची ते कळलं नाही म्हणजे काय?

"नाही हो बाई," ती म्हणाली. "असती तर पिंजताना लागलीच असती की."

"हो ना. लागलीच असती," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि चिमणीचा खांदा धरून निघाल्या.

पीठ डोक्यावर घेऊन गादीवाली घरी आली ती थेट नवऱ्यापुढे उभी राहिली.

"आली होती."

"मग?"

"गिरणीवाली समोर होती हो."

तो पिंजणाची तात पिळत होता, ती पिळत राहिला. मग म्हणाला, "कालपर्यंत ती ठेवलेली होती. आता चोरलेली झाली."

"उद्या जाते. मास्तरीणबाई एकट्या असतील तेव्हा जाते."

उद्या शेजारच्या वस्तीवर दोन गाद्यांचं काम निघालं. परवा जायला निघाली आणि कोपऱ्यावरून परतली. तीन दिवस का ठेवली याचं काहीतरी उत्तर तिनं जुळवलं होतं. पाच दिवसांचं जुळेना. जितकं लांबत गेलं तितकं ते सांगणं तिला जड होत गेलं. रात्री कूस बदलली की भिंतीला टेकलेली ती उशी दिसायची. तिनं तिच्यावर घोंगडी टाकली. मग घोंगडी दिसायला लागली.

सातव्या दिवशी नळावर बातमी कळली. मास्तरीणबाईंनी चिमणीला कामावरून काढलं. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पै पै करून साठवलेले पैसे गेले. पेटीची किल्ली कुठं असते ते दोघींनाच माहीत. मग तिसरं कोण येणार? नळावरच्या बायकांनी मान डोलावली. कुणी म्हणालं, गरीब दिसतात त्याच असल्या निघतात. गादीवालीनं अर्धी भरलेली घागर उचलली आणि चालू लागली. मागून कुणीतरी ओरडलं की अगं, भरू तर दे.

त्यानंतर गावात चिमणीला कुणी घरात घेईना. ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायला लागली. आणि नवव्या दिवशी सकाळी ती गादीवालीच्याच दारात येऊन उभी राहिली. हाताची बोटं चिंध्यांनी बांधलेली.

"कापसाच्या गाठी तोडायला ठेवशील का? आज खडीचं काम बंद आहे. घरात चोरण्यासारखं काही असेल तर आधी उचलून ठेव, माझी हरकत नाही."

ती हे हसत म्हणाली. गादीवालीला हसू आलं नाही. नको म्हणायला जीभ वळेना, ये म्हणायला छाती होईना. नवराच आतून म्हणाला, "बस की. गाठी पुष्कळ आहेत."

चिमणी बसली. कुठं बसली, तर भिंतीपाशी. पाठीला टेकू हवा म्हणून घोंगडी बाजूला सारून उशी तिनं मागे घेतली आणि कापसाच्या गाठी तोडायला लागली. "दुसरी देते, ती जुनी आहे," असं गादीवाली म्हणाली. चिमणी म्हणाली, राहू दे, बरी आहे. नवऱ्यानं पिंजण उचललं आणि तो बाहेर निघून गेला. वारा होता तरी गेला.

दिवसभर चिमणी काम करत होती. बोटं दुखली की तोंडात धरायची, परत कामाला लागायची. दुपारी आपणहून बोलली.

"मारलं असतं तरी चाललं असतं गं. शिव्या दिल्या असत्या तरी. अकरा वर्षं मी त्यांना न्हाऊ घातलं. त्या दिवशी समोर बसवून म्हणाल्या, तुम्ही उद्यापासून येऊ नका. तुम्ही! मी मागे वळून बघितलं, कुणी आलंय की काय म्हणून."

गादीवालीनं दाभण कापडात खुपसलं ते आपल्या बोटात गेलं. रक्त आलं. तिला बरं वाटलं.

संध्याकाळी तिनं चिमणीच्या हातावर दोन दिवसांची मजुरी ठेवली. चिमणीनं हातातल्या पैशांकडे बघितलं.

"हे जास्त आहेत."

"असू दे. गाठी कठीण होत्या."

"गावात तू एकटीच मला घरात घेतलंस," चिमणी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. ती गेली आणि गादीवाली उंबऱ्यावरच बसली. नवरा परत आला तेव्हाही तिथंच होती.

"उद्या देऊन येते," ती म्हणाली. "पण माझ्या पद्धतीनं. गादीचे मधले टाके राहिलेत म्हणून सांगते, फुकट घालून देते म्हणते. उसवताना पिशवी आत सरकवायची आणि तिथंच बाहेर काढायची. कापसाच्या पोटात अडकली होती, पिंजताना चुकली. चिमणीवरचा आळ निघेल, पैसे मिळतील, आपल्या धंद्यालाही धक्का नाही."

"सरळ सांग जाऊन."

"आणि उद्यापासून खायचं काय? लोक म्हणतील, मशीन काय वाईट होतं?"

त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर तो म्हणाला, "तुला जमेल ते कर. पण एक खोटं झाकायला दुसरं घेऊन चाललीस तू." एवढं तो महिन्याभरात बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती मास्तरीणबाईंच्या ओसरीवर गादी पसरून बसली. पिशवी कमरेला कापडाखाली. मास्तरीणबाई खुर्चीत. घर चिमणीशिवाय कसं दिसत होतं ते सांगायला नको. भांडी तशीच, आणि मास्तरीणबाईंच्या झग्याची बटणं खालीवर लावलेली. फुकट टाके घालतेय म्हटल्यावर गिरणीवालीही येऊन बसली, आपलेही दोन घालून घ्यावेत म्हणून. गादीवालीला ती नको होती. पण मग वाटलं, बरंच आहे, साक्षीदार होईल.

तिची नजर सारखी गिरणीवालीवर. गिरणीवालीनं जांभई द्यायला तोंड फिरवलं तेवढ्यात हिनं कडेचे पाच-सहा टाके कापले आणि पिशवी आत सरकवली. मग तिचं लक्ष दोऱ्याकडे गेलं. ती नेहमी दुहेरी दोरा मेण लावून वापरायची. हा एकेरी होता, बारीक, पांढरा, साधा शिवणाचा. टाके आखूड आणि वाकडेतिकडे.

हे आपले नाहीत, एवढं तिच्या डोक्यात शिरलं. त्याचा अर्थ शिरायच्या आत गिरणीवाली वाकली.

"काय गं ते निळं?"

आता काय करणार? पिशवी बाहेर आली. पाठ केलेलं वाक्य आपोआप तोंडातून आलं, "बाई, बघा तर. इथंच होती. कापसाच्या पोटात."

मास्तरीणबाईंनी पिशवी हातात घेतली. रेघांवरून नव्हे, कापड चाचपून ओळखली. पण त्यांचा चेहरा फुलला नाही.

"चिमणीला बोलवा," त्या म्हणाल्या.

गिरणीवालीच्या अंगात उत्साह संचारला. ती स्वतः रस्त्याच्या कामावर गेली. ओसरीवर दोघीच उरल्या.

"तू चांगली निघालीस," मास्तरीणबाई म्हणाल्या. "दुसरीनं गुपचूप कमरेला लावली असती."

गादीवाली दाभण चाचपत राहिली.

"पण ही पिशवी या गादीत नव्हती. तू नाही म्हणालीस, तरी मन खात होतं म्हणून मी आणि चिमणीनं ही गादी उसवून बघितली होती. मूठ मूठ कापूस काढून बघितला. मला दिसत नाही, पण हाताला कळतं. मग तिनंच शिवली. परवा ती तिचं ताट-वाटी न्यायला आली होती. मी अंघोळीला होते. तेव्हा ठेवली असणार. घाबरली असेल. किंवा कीव आली असेल माझी."

चिमणीला सोडवायला म्हणून गादीवाली आली होती, आणि सोडवता सोडवता तिनं चिमणीला पुरती चोर करून ठेवलं होतं. आधी नुसता संशय होता. आता पुरावाच झाला. ओसरीवर अजून कुणी नव्हतं. मास्तरीणबाईंचे अधू डोळे दुसरीकडेच बघत होते. आत्ता, या घटकेला सांगता आलं असतं, आणि एकाच माणसाला सांगावं लागलं असतं. ती बोलली नाही. वाट बघत बसली, कशाची ते तिलाही ठाऊक नव्हतं.

गिरणीवाली चिमणीला घेऊन आली. वाटेतल्या दोघी-तिघी मागून आल्या. चिमणीचे केस खडीच्या धुळीनं पांढरे झालेले. अंगणातच उभी राहिली, ओसरीवर चढली नाही.

"या," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पिशवी मिळाली. गादीत होती. तुम्हाला आणि मला दोघींना माहीत आहे की ती तिथं नव्हती. मी काही विचारणार नाही. चूक माणसाच्या हातून होते. तुम्ही परत आणून ठेवलीत, ते मला पुरे आहे. उद्यापासून कामावर या."

"मी घेतली नव्हती," चिमणी म्हणाली.

"मी माफ केलं म्हणतेय ना."

"अगं, एवढं मोठं मन दाखवतायत," गिरणीवाली म्हणाली, "तर नाही कसलं म्हणतेस? चुकले म्हण आणि मोकळी हो. दुसऱ्या कुणी पोलिसात दिलं असतं."

चिमणीनं सगळ्यांकडे बघितलं. गादीवालीकडेही बघितलं, पण तिथं नजर थांबली नाही. गादीवालीबद्दल तिच्या मनात कसलाच संशय नव्हता. चिंध्या बांधलेली बोटं तिनं एकमेकांत अडकवली. घरी आई होती, खडीचं काम आज आहे तर उद्या नाही. सगळं तिच्या तोंडावर दिसत होतं. मग तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "चुक..."

"तिनं काही म्हणायचं नाही," गादीवाली म्हणाली.

आपला आवाज एवढा मोठा येईल असं तिला वाटलं नव्हतं. बाकीचं मात्र खालच्या आवाजात आलं, तुटक तुटक, पण सगळं आलं. पिशवी दहा दिवस माझ्याकडे होती. आज मीच आत घातली आणि मीच काढली. गोदामात सापडली. कुणाची ते कळलं नाही, कारण दोन्ही गाद्यांचा कापूस वाऱ्यानं एक झाला होता, आणि तो आम्ही तसाच पिंजून अर्धा अर्धा भरला. बाईंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले.

गिरणीवाली उभी राहिली.

"म्हणजे माझ्या गादीत बाईंचा कापूस?"

मास्तरीणबाईंनी पिशवी मांडीवर ठेवली. "चिमणे," त्या म्हणाल्या. त्यांनी हात पुढे केला, रोज खांदा धरायला करायच्या तसा. चिमणी जागेवरून हलली नाही. बऱ्याच वेळानं ती ओसरीच्या पायऱ्या चढली, मास्तरीणबाईंची बटणं सोडून नीट लावून दिली आणि भांडी घासायला आत गेली. गादीवालीशी ती एक शब्द बोलली नाही.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "कापसाचंही सांगितलंस?"

"सांगितलं."

त्यानं पिंजण खाली घेतलं आणि तात सैल करून ठेवली, पावसाळ्यात ठेवतात तशी. "बरं केलंस," म्हणाला. तिला वाटलं होतं की सांगून टाकल्यावर मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. आजवर जे तिच्या एकटीच्या पोटात होतं ते गावभर झालं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गिरणीवालीच्या गड्यानं गादी आणून अंगणात टाकली. आमचा कापूस निवडून द्या, नाहीतर नवी गादी भरून द्या. पाठोपाठ आणखी दोघीजणी आल्या. त्यांच्या गाद्यांना कधीच काही झालं नव्हतं. तरी आमच्यात कुणाचा आहे ते खरं खरं सांगा म्हणाल्या. गादीवाली शपथा घेत होती आणि आपल्या शपथेला आता काय किंमत, हे त्यांच्या तोंडावर वाचत होती. त्या गेल्यावर नवऱ्यानं गिरणीवालीची गादी उसवली. दोघं समोरासमोर बसली आणि निवडायला लागली. लांब धागा इकडे, आखूड तिकडे. मूठभर निवडायला अर्धा तास लागला. वारा पडलेला होता. असा दिवस त्या उन्हाळ्यात दुसरा आला नव्हता.

दहाच्या सुमारास चिमणी आली. डोक्यावर मास्तरीणबाईंची गादी. तिनं ती खाली ठेवली, दम घेतला.

"बाई म्हणाल्या, त्यांच्यात भारी कापूस गेलाय तो काढून गिरणीवालीला द्या. आपल्याला दुसऱ्याचं नको."

"ठेव," नवरा म्हणाला. "करतो."

गादीवाली उठली. पाणी देऊ का म्हणाली. चिमणी नको म्हणाली. मग चिमणीनं कमरेची गाठ सोडली आणि पैसे काढून चटईवर ठेवले. एक नोट, काही नाणी.

"हे काय?"

"त्या दिवशीची मजुरी. दोन दिवसांची दिली होतीस."

"अगं, ते तुझ्या कामाचे आहेत. बोटं फुटेपर्यंत काम केलंस."

"कुठल्या पैशातले आहेत मला माहीत नाही."

गादीवालीला रडू फुटलं. "माझे होते गं ते. पिशवीला मी हातही लावला नव्हता. खरंच माझे होते."

"असतील," चिमणी म्हणाली. मग गादी संध्याकाळपर्यंत हवी, बाईंना जमिनीवर झोपवत नाही, असं नवऱ्याला सांगून ती गेली.